पाठीवरचा पिवळा दिवा

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. तिथं तुम्हाला ते वाचून कोण दाखवणार, ठाऊक नाही. हयातीत ते काम माझंच होतं. नको तो मजकूर मी वाचताना गाळायची आणि तो तुम्हाला बरोबर कळायचा. "मधली ओळ खाल्ली वं तुनं," म्हणायचे आणि हसायचे. आज कुठलीही ओळ गाळायची नाही असं ठरवून बसले आहे.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन घरी होते. देवीच्या साथीत लहानपणीच डोळे गेलेले तुम्ही, रोज रिसोडला जाऊन कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणायचे. संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरून मैलभर डांबरी सडक काठीच्या भरवशावर एकटेच चालायचे. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असे. एकदा एका ट्रकनं तुमची खांद्यावरची पिशवी ओढून नेली. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "पिसवी गेली." तुमचा दंड मात्र खांद्यापासून कोपरापर्यंत सोलून निघाला होता. आई आधीच गेलेली. तुम्हीही असे रस्त्यावर गेलात तर माझं कोण? दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला हाताला धरून रिसोडच्या दुकानांत नेलं.

पहिल्या दुकानदारानं विचारलं, "आंधळ्याले बॅटरी कायले लागते, बुवा?" मला अस्सा राग आला होता, पण तुम्ही शांतपणे म्हणालात, "मले कायले? मले दिवस-रात सारखीच हाये. त्या ट्रकवाल्याले मी दिसलो पायजे ना!" दुकानदार ओशाळला आणि झटझट माल काढू लागला. बॅटरी गळ्यात अडकवली तर ती पोटावर हेलकावे खाऊन आपल्याच पायांवर उजेड पाडायची. कंदील धरायला हात मोकळा नव्हता. शेवटी एसटी स्टँडमागच्या मोटार-मिस्त्रीकडे गेलो. त्यानं दोन जिनसा पुढं ठेवल्या. एक ट्रकच्या मागचा लाल दिवा, गरगरीत, डोळ्यांत भरणारा. दुसरा स्कूटरचा पिवळा इंडिकेटर, लुकलुकणारा आणि प्रत्येक लुकलुकीला टिकटिक वाजणारा. मी लालवर हात ठेवला. तुम्ही पिवळा कानाशी धरला आणि लहान पोरासारखे हसलात. मिस्त्री म्हणाला, "बल्ब उडाला का टिकटिक बी बंद, चाचा."

"हेच द्या. हे बोलते," तुम्ही म्हणालात. मी वाद घातला. लाल जास्त लांबून दिसतो, आणि हे असलं वाजत गावातून जायचं म्हणजे पोरं मागं लागतील. तुम्ही मला विचारलं, "लाल चालू हाये का बंद, मले कोन सांगन?" मी म्हटलं, "मी सांगीन." "तू काय जलमभर माया मांगं चालशीन? तुले घर नाई करा लागत?" मिस्त्रीसमोर माझे डोळे भरले आणि ते तुम्हाला दिसले नाहीत, याचं मला तेव्हा बरं वाटलं.

मिस्त्रीनं बॅटरीच्या सेलवर चालेल असा बारीक बल्ब घातला, टिकटिक वाजणारी आतली पट्टी घासून पातळ केली, दिवा पत्र्याच्या डबीत बसवला. मी खाटेच्या नवारीचा पट्टा शिवला. रोज सकाळी तुम्ही पाठ करून उभे राहायचे, मी दिवा दोन खांद्यांच्या मधोमध बांधायची. फाट्यावर उतरलं की तुम्ही छातीवरचं बटन दाबायचे, अंगणात पाय ठेवला की बंद करायचे. पोरं तुम्हाला 'मोटारबुवा' म्हणू लागली आणि तुम्ही तोंडानं हॉर्न वाजवून त्यांना वाट मागायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग आसेगावचे पाहुणे मला पाहायला यायचे होते तो दिवस. तुम्ही दुपारीच परत येणार होतात. पण एसटी चुकली तर? पाहुण्यांसमोर तुम्ही असे लुकलुकत गल्लीतून आलात तर? सकाळी दिवा बांधताना मी काच आतल्या बाजूला, तुमच्या पाठीकडं फिरवली; टिकटिक तुम्हाला ऐकू येणारच होती. एक दिवस, म्हटलं. एका दिवसानं काय होतं.

एसटी चुकलीच. पाहुणे अंधार पडल्यावर जीपनं आले ते घाम पुसत. मुलाचे वडील म्हणाले, "वाचलो बाप्पा! एक मानूस एकदम चाकापुढं. ना कंदील, ना काई. डायवरनं जीप नालीत घातली म्हनून." मी आत चहाचं भांडं धरून उभी होते, ते तसंच चुलीवर आपटलं. थोड्या वेळानं तुम्ही अंगणात आलात. दोन्ही गुडघे चिखलानं भरलेले. काठी टेकवून तुम्ही पट्टा काढला आणि डबीवरून अंगठा फिरवला. जिथं काच हवी तिथं पत्रा लागला. तुमचा अंगठा तिथंच थांबला. मी दारातून पाहत होते. तुम्ही आवाजाच्या दिशेनं हात जोडलेत, "मीच व्हतो तो. माफ करजा. बटन दाबाचं इसरलो."

सगळे हसले. लग्न ठरलं. दुसऱ्या सकाळी तुम्ही नेहमीसारखे माझ्याकडं पाठ करून उभे राहिलात आणि काच कुठं आहे हे चाचपूनही पाहिलं नाहीत. मला तेव्हा तुमचे पाय धरायला हवे होते. मी गाठ मारली आणि भाकरी बांधून दिली.

बाबा, आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. परवा यांनी नातवंडांना सांगितली, बटन विसरणाऱ्या सासऱ्यांची. पोरं खिदळली. इतकी वर्षं झाली, मी एकदाही म्हटलं नाही की माझे बाबा काहीच विसरले नव्हते. परवाही नाही. मीही हसले.