पस्तीस मिनिटांची खुर्ची

ता. ९ ऑगस्ट, शनिवार

ताई, नमस्कार.

आज सकाळी सहाला उठलो. चहा केला. दूध उतू गेलं, ओटा पुसला. सव्वादहा ते अकरा खुर्चीत होतो. जेवलो. मग पुठ्ठा कापून गोंद लावला. आता साडेचार वाजलेत आणि तुम्हाला लिहायला बसलो आहे. दिवस एवढाच. पण ‘खुर्चीत होतो’ याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण समोरच्या घरातल्या बाईंकडून ते तुमच्या कानावर वेगळ्या तऱ्हेने येईल. (त्यांच्याकडे तुमचा नंबर आहे, हे तुमची धाकटी बहीण गेली त्या दिवशी मला कळलं.) आणि फोनवर हे मला सांगता आलं नसतं. फोनवर मी ‘हो’ आणि ‘ठीक’ यापलीकडे जात नाही, हे तुम्हीच मला ऐकवलेलं आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी बरा पाय टाका, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतात, आणि उतरताना दुखरा. तुमच्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. हो, जेवतो. हो, रक्तदाबाची गोळी घेतो. नाही, तासन् तास एका जागी बसून राहत नाही. (आजचा अपवाद माझ्या इच्छेने झालेला नाही.)

मागच्या खोलीचं आपलं ठरलंच आहे. पुढच्या शनिवारी तुमचे चिरंजीव टेम्पो घेऊन येतील आणि धाकटीचं सगळं सामान अपंग मुलांच्या त्या संस्थेला पोचतं करतील. मी त्याला कबूल आहे. अठरा वर्षं तिने त्या खोलीत पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून मुलांच्या खुर्च्या केल्या, जाड मुठीचे चमचे केले, मान मागे न टाकता पिता यावं म्हणून नाकापुरती खाच असलेले पेले केले. मी आयुष्यभर विमा कंपनीत फाइलींवर शेरे मारले. तिच्या कामात माझा हात नव्हता आणि तिथे तो कोणी मागितलाही नाही. फक्त एक खुर्ची अर्धी राहिली होती, ती पुरी करून द्यावी आणि मग खोलीला कुलूप लावावं, एवढाच माझा बेत होता. अर्धवट फाइल टेबलावर ठेवून घरी जाणं मला कधी जमलेलं नाही.

ती खुर्ची बटणची. बटण म्हणजे सात वर्षांची मुलगी. हे नाव धाकटीने ठेवलं. तिचे पाय आणि उजवा हात तिचं ऐकत नाहीत, कमरेत जोर नाही, बसवलं की उजवीकडे कलंडते. पण डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट अशी तरबेज आहेत की समोर येईल ते बटण, चाप, चेन ती सोडवून ठेवते. डॉक्टर तिची छाती तपासत होते तेवढ्यात तिने त्यांचा कोट तीन बटणं खाली आणला होता. तिची आई केस कापायच्या दुकानात काम करते आणि उरलेला वेळ मुलीला धरून असते. धरून म्हणजे शब्दशः, एक हात कायम तिच्या काखेखाली. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं आहे की येत्या सोमवारी मुलीने आईच्या आधाराशिवाय वर्गात एक तास बसून दाखवावं. (शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो, हे मी दोनदा विचारून घेतलं.) बसली तर प्रवेश. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. हे ‘पुढच्या वर्षी’ त्या माय-लेकींनी आधी दोनदा ऐकलं आहे.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. खुर्ची पुठ्ठ्याची आहे म्हटल्यावर लोक हसतात, ते मला चालतं; पण मीच मनातल्या मनात विचारू लागलो की खरंच, पुठ्ठ्याची? बैठकीचा उतार जास्त झाला तर ती पुढे घसरेल, कमी झाला तर पाय ताठ करेल. रंगाच्या वासाने खोकली तर? खुर्ची वर्गाच्या दारातून आतच गेली नाही तर? या शेवटच्या शंकेपायी मी मंगळवारी शाळेत जाऊन दाराचं माप घेतलं. घरी आल्यावर वाटलं, फीत मधे लोंबली असेल. बुधवारी पुन्हा गेलो. तिथल्या शिपायाला मी दार रुंद करायला आलेला कंत्राटदार वाटलो. त्याने मला मोठ्या आदराने गच्चीवर नेलं, गळणारं छप्पर दाखवलं, तुंबलेली मोरी दाखवली, आणि मीही ते सगळं मापून वहीत लिहून घेतलं, कारण आता नाही कसं म्हणायचं. गुरुवारी त्याने मला रस्त्यात गाठून काम कधी सुरू होणार ते विचारलं. मी म्हणालो, वरून मंजुरी यायची आहे. ताई, मी खोटं बोलणारा माणूस नाही. पण अठ्ठावीस वर्षं हे वाक्य लिहिलं आहे, ते आपोआप आलं.

तर आज सकाळची गोष्ट. खुर्ची काल संध्याकाळी तयार झाली. धाकटीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिचा नियम आहे, खाली दोन रेघा मारून: ‘आधी आपण बसायचं. मग मूल.’ प्रत्येक वस्तू ती आधी स्वतः वापरून बघायची. मुलाला जितका वेळ बसायचं असेल तितका वेळ बसायची, मुलाचा जो हात चालत नसेल तो स्वतःचा बांधून ठेवायची. ती अंगाने तुमच्याएवढीच, मुलांच्या खुर्चीत सहज मावायची. मी बाहेर पेपर वाचत असायचो. वेळ झाली की आतून हाक यायची, “अहो, सोडवा.” मग मी जाऊन पट्टा सोडवायचो. या उद्योगातलं माझं काम तेवढंच.

मी नियमाप्रमाणे बसायचं ठरवलं. वजन उतरल्यामुळे मावेन असं वाटत होतं. (घाबरू नका, चारच किलो.) बटणच्या खुर्चीचं बक्कल पाठीमागे आहे. पुढे असतं तर तिने ते पहिल्या मिनिटात सोडवलं असतं. मागचं बक्कल बसल्यावर लावता येईना, म्हणून मी ते आधीच लावलं आणि वरून, स्वेटरमध्ये शिरावं तसा खाली उतरत गेलो. शेवटची चार बोटं जरा जोर लागला. मग उजवा हात खुर्चीच्या उजव्या हाताला मफलरने बांधला, दातांनी गाठ आवळली (कडक बांधायची शिस्त मला ऑफिसातल्या गठ्ठ्यांची आहे), आणि पस्तीस मिनिटांचा गजर लावला.

पहिली दहा मिनिटं मी समाधानात होतो. विसाव्या मिनिटाला डाव्या मांडीखाली बैठकीची कड काचते आहे असं कळलं, आणि धाकटी का बसायची तेही कळलं. फितीने मोजून ही कड कधीच सापडली नसती. पस्तीस झाली. गजर वाजला. मी हाक मारली.

हाक मारल्यावर लक्षात आलं. नियम दोन माणसांचा आहे. वहीत ते लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरज पडली नसावी.

असो. मफलरची गाठ ना डाव्या हाताने सुटली ना दातांनी. डावा हात पाठीमागे नेऊन पाहिला, बक्कलापासून चार इंच अलीकडे थांबला. वर निघायला गेलो तर खुर्चीही वर आली. शेवटी खुर्चीसकट उड्या मारत स्वयंपाकघराकडे निघालो, सुरी मिळाली तर मफलर कापावा म्हणून. वाटेत खिडकी लागते. समोरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. मी लहान मुलाच्या खुर्चीत, हात बांधलेला, उडी मारून खिडकीत आलो आणि आमची नजरानजर झाली. मदत मागायची हीच वेळ होती. पण आमचं बोलणं इतक्या वर्षांत कचऱ्याच्या गाडीपलीकडे गेलेलं नाही. मी डाव्या हाताने नमस्कार केला. त्यांनीही केला. मग मी उडी मारून खिडकीतून गेलो. (त्या तुम्हाला सांगतील की मी स्वतःला बांधून घेतलं होतं. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.)

एवढ्यात दारात आवाज आला. बटण आणि तिची आई खुर्ची बसवून बघायला येणार होत्या, म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. मी आतूनच ‘या’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आई मुलीला कडेवर घेऊन आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. एरवी मला बघितलं की बटण फळीसारखी ताठ होते. आज तिने मला नीट, सावकाश, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिला एकेक शब्द ओढून आणावा लागतो.

“ही माझी... का तुमची?”

मी म्हणालो, “तुझी.”

“मग उठा.”

आजोबांशी असं बोलू नये, असं आई तिला म्हणाली खरी, पण आवाजात दम नव्हता. ती बक्कल पुढच्या बाजूला शोधू लागली. ते मागे आहे, हे मी सांगितलं. मागे जायचं तर दोन हात मोकळे हवेत, आणि मुलीला जमिनीवर ठेवता येत नाही. म्हणून तिने बटणला खुर्चीच्या पाठीला टेकवून धरलं. बक्कल कसं दाबायचं ते मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात पाठीमागे खट् झालं. ते कोणी सोडवलं हे विचारायची गरज नव्हती.

इतकी लाज वाटत होती की मी झटक्यात उठलो. मफलरचं भान राहिलं नाही. मी उभा राहिलो आणि खुर्चीचा उजवा हात माझ्याबरोबर उभा राहिला. बुडापासून उखडून आला होता. बटण कलंडते ती उजवीकडे, ताई. तो हात नसेल तर ती खुर्ची म्हणजे तिला पाडायचं यंत्र आहे.

बटण हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. तिची आई मात्र माझ्या मनगटाला लटकलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “काका, सोमवार आहे हो.”

मी म्हणालो, होईल. माझ्या तोंडून हा शब्द असा, अट न घालता, आजवर बाहेर पडलेला नाही.

हसून हसून बटणचं अंग सैल पडलं होतं. ते पाहून आईने तिला तशीच, एका हाताच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि उजवीकडे आपला तळवा धरला, न टेकवता, दोन बोटं अंतरावर. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत होतो. ती अकरा मिनिटं बसली. बाराव्याला तळव्यावर आली. डाव्या मांडीखाली काचतंय का, विचारलं, तर होय म्हणाली. तेवढी कड मी तिच्यासमोरच कापून काढली आणि वर कापड चिकटवलं. मग त्या गेल्या. जाताना आईने दोनदा मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.

नवा हात चार पदरांचा केला आहे. घरातला शेवटचा जाड पुठ्ठा त्यात संपला. दीड वाजता गोंद लावून वर इस्त्री, दोन विटा आणि शब्दकोशाचे खंड ठेवले. गोंदाला छत्तीस तास लागतात, दमट हवेत जास्त. छत्तीस धरले तर सोमवारी पहाटे दीडला सुटेल. शाळा साडेआठला. हवा आज दमट आहे की नाही यावर तुमचं काय मत पडतं? रेडिओवाले एक सांगतात, टॉवेल दुसरं सांगतो.

सोमवार पार पडला की मी मोकळा. मागची खोली ठरल्याप्रमाणे शनिवारी रिकामी होईल. माझी काळजी नसावी. घरी सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता.क. चिरंजीवांच्या दुकानात फ्रिज आणि धुलाईयंत्रांची मोठी खोकी निघतात ना? टेम्पो इकडे येताना रिकामा कशाला यायचा? पाच-सहा खोकी टाकून आणावीत. घड्या घातल्या तरी चालतील, पावसात भिजू देऊ नयेत. फ्रिजची जास्त चांगली.

ता.क. २. म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल. टेम्पोने जाताना रिकामं जावं, ही विनंती. संस्थेला मी वेगळं पत्र लिहीन. बटणच्या आईने दुकानात सांगितल्यामुळे काल एक गृहस्थ नातवासाठी खाचेचा पेला मागायला आले होते. मी त्यांना बंद झालं म्हणून सांगणार होतो, पण तोवर मी नाव आणि वय लिहून घेतलं होतं.

ता.क. ३. हे आधीच लिहायला हवं होतं. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी एक जागा असते. तुम्ही याल का? गुडघा सांभाळून, चार दिवसांसाठी. खुर्ची तपासायला दोन माणसं लागतात, एक बसणारं आणि एक सोडवणारं. तुम्ही मावाल. पण बसायचं नसेल तर मी बसेन, तुम्ही बाहेर पेपर वाचा. हाक मारली की या, एवढंच.

ता.क. ४. वाळेपर्यंत हात लावू नये, असं गोंदाच्या डब्यावर लिहिलं आहे. आत्ता जाऊन बोट लावून पाहिलं. वाळलेला नाही. बोट पुसलं, विटा पुन्हा नीट ठेवल्या.