दोन थापा

वसमत, शनिवार, २००६

आज गाडी मागं घ्यायला काहीतरी बसवावं म्हणून दुकानात गेलो. भांड्यांचा माल, स्टोव्ह, झोपणं, सगळं याच मेटाडोरमध्ये. बाजारोबाजार हिंडताना बायको, सुमन, मागं उभी राहून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप, येऊ द्या. दोन थापा, थांबा. दिवाळीपासून तिचं उजवं अंग गेलंय. आता ती आत, बाजेवर.

दुकानदारानं टीं-टीं वाजणारा सेन्सर लावून दाखवला. तो बाभळीच्या फांदीलाही ओरडला. सुमननं फांदीसाठी कधी थांबवलं न्हाई.

"काका, कॅमेरा घ्या. हा आतला आरसा काढू. त्यात मागचं काहीच दिसून न्हाई राहिलं."

"राहू दे तो."

काहून, ते त्याला काय सांगू? त्यात बाज दिसते.

काहीच न घेता निघालो. मागं घेताना आरशात बघितलं. सुमननं डावा हात उचलून गोधडीवर दोन थापा मारल्या. आवाज झाला न्हाई. मी ब्रेक दाबला, उतरून बघितलं. मागं मोकळं मैदान.

"बरं झालं थांबवलंस," म्हणालो.

मी खोटं बोललो, ते तिला कळलं. तिनं तोंड पत्र्याकडं फिरवलं.