पार्किंगच्या खांबांची केस

३ मार्च
आजपासून सोसायटीचा अध्यक्ष मी, आणि कोर्टकेसही माझ्याकडे. सात इमारती, पार्किंगचा एकही खांब भेगांशिवाय नाही. प्रतिवादी अकरा : बिल्डर, आर्किटेक्ट, काँक्रीटवाला वगैरे. सगळे एकमेकांकडे बोट दाखवून राहिले. मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. म्हणजे बिनविरोध!
प्रेमलता म्हणाली, तुम्हाले कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. बायकोकडे दुर्लक्ष करणे हा पहिला नियम.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून फायली.

५ मार्च, सकाळी ९.४०
उठणारच होतो. पण उन्हाळा लागला, झोप पुरत नाही.
फायलींना रंग ठरवले. बिल्डर लाल, आर्किटेक्ट हिरवा. सोसायटीच्या जिममध्ये वॉर रूम. ट्रेडमिल फायलींसाठी उत्तम.

१२ मार्च
पहिल्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई आल्या. माहेर मिरच्यांचं भिवापूर, जीभही तिथलीच. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडतात म्हणून पोराचं हेल्मेट घालून पोळ्या करतात. म्हणे, भाऊ, कवा संपते गा तुमची केस? त्याच्या आंधी मीच संपून जाईन. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या केसला स्ट्रॅटेजी लागते. तर म्हणे, ते छताले बांधता येते का, ताडपत्रीवानी?
अडाणीपणा.

२१ मार्च
बिल्डरचा जवाब आला. बांधकाम एक नंबर, रहिवाशांनीच देखभाल केली नाही म्हणतो. निर्लज्ज! १९ एप्रिलला कोर्ट कमिशनर भेगा पाहायला येणार, सोबत इंजिनियर.
आमची वकील चिन्मयी हिचा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. 'नमस्कार काका'पर्यंत ऐकला. नव्या वकिलांना बोलायची भारी हौस. सवडीने ऐकू.

२ एप्रिल
दाढी करताना सुचलं. देखभाल नाही म्हणतो ना? मग देखभालच दाखवू! सगळ्या भेगा बुजवायच्या, वरून रंग. जवाबाची हवाच गुल. शिवाय कोर्टाचा माणूस दारी येणार आणि भिंती अशा? काही इज्जत आहे की नाही?
प्रेमलता म्हणे, अहो, भेगा दाखवायच्या आहेत ना, मग बुजवून काहून राहिले? हिला कायदा समजत नाही. पुरावा मोबाइलमध्ये आहेच. प्रत्येक भेगेसोबत माझा सेल्फी.

१८ एप्रिल
रंग झाला. चकाचक! मनकर्णाबाईंचं छतही करून दिलं. त्या म्हणे, वरून लिपलं, आतून तं पोकळच हाय ना? म्हटलं, माझ्यावर भरोसा ठेवा, आणि ते हेल्मेट आता कपाटात टाका. पाहुण्यांसमोर बरं नाही दिसत.
ठेवलं बिचारीने.

१९ एप्रिल, संध्याकाळ
सोन्याचा दिवस! तर्री पोहा, संत्रा बर्फी, शाल. कमिशनरसाहेबांनी शाल घेतली नाही. प्रामाणिक माणूस. इंजिनियर खांबांवर ठोकून राहिला होता, त्याला म्हटलं, रंग ओला आहे, हात लावू नका. साहेबांनी विचारलं, भेगा कुठे आहेत? मी छाती काढून सांगितलं, एकही शिल्लक ठेवली नाही! त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. इम्प्रेस झाले असावेत. बिल्डरच्या वकिलाने तर मला मिठीच मारली.
चिन्मयी खाली बसली. ऊन फार आहे.

३० एप्रिल
अहवाल आला. 'एकही भेग आढळली नाही. रंगकाम ताजे. सादर केलेल्या छायाचित्रांत अध्यक्ष स्पष्ट दिसतात, भेगा दिसत नाहीत.' म्हणजे देखभालीचा मुद्दा आपण जिंकलो! मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. टाळ्या नाहीत.
चिन्मयीचा मेसेज आज पूर्ण ऐकला. 'काका, एकाही भेगेला हात लावू नका' हे ती पाचदा बोलली आहे. अगं, मग हे नमस्काराच्या आधी सांगायचं ना!

१४ मे
दुपारी मनकर्णाबाईंचं छत पडलं. आमच्या नव्या प्लास्टरसकट. त्या पोळ्या करून राहिल्या होत्या. डोक्याला टाके पडले. हेल्मेट कपाटात होतं.
दवाखान्यात भेटायला गेलो. स्ट्रॅटेजीची फाइल पिशवीतच ठेवली. त्याच म्हणाल्या, तुमचा भरोसा ठेवला गा भाऊ.

१६ मे
तातडीची मीटिंग. केस चिन्मयी आणि प्रेमलताकडे. मनकर्णाबाईंचे टाके निघेपर्यंत त्यांच्या घरच्या पोळ्या माझ्याकडे, त्यांच्याच स्वयंपाकघरात. या वेळी सगळ्यांनी हात वर केले.
हेल्मेट घट्ट होते. तरी घालूनच करतो.