एकशे चव्वेचाळीसवर एक जण

३ फेब्रुवारी २०२५, दिग्रस

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एसटीतून उतरलो. केळापूरहून निघाल्यापासून दोन गाड्या बदलल्या, पण कॅमेऱ्याची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. पूनमसिंग राठोडांच्या मंगल कार्यालयातली लग्नं मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं काम आजपासून माझं. माणूस मोकळा. म्हणाले, निजामुद्दीनभाई, पुण्याले गेलेल्या पोराईले घरचं लग्न दिसलं पाहिजे, बाकी तुम्ही जाणा. मी जाणतोच. मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं रेडिओ, टीव्ही, कॅमेरे उघडून.

एकच लग्न इथून सहा साइझमध्ये जातं : १०८०, ७२०, ४८०, ३६०, २४०, १४४. ज्याची रेंज जशी, त्याला तसं चित्र; आकडा मोठा तेवढं चित्र स्वच्छ, पण रेंजही तेवढी जास्त लागते. कोणती साइझ चालू, कोणती बंद, ते माझ्या टिकवर. कोणत्या साइझवर किती जण बघतात, तो आकडाही समोर दिसतो. कॅमेरा स्टेजपासून बरोबर बावीस फुटांवर लावला. चित्रात डाव्या बाजूला स्लॅबवर जाणारा जिना येतो. पायऱ्या चौदा. आमच्या केळापूरच्या घरालाही चौदाच. मीच मोजून बांधून घेतल्या. वर स्लॅबला कठडा तेवढा राहून गेला.

५ फेब्रुवारी

पहिलं लग्न. दोनशे बारा जणांनी बघितलं. १४४ वर एकच, म्हणजे आमची आयशाबी आपा, माझी थोरली बहीण. अम्मी गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तिनेच वाढवलं. गुडघे गेले, प्रवास झेपत नाही, म्हणून माझं काम ती केळापूरच्या घरून मोबाईलवर बघणार होती. संध्याकाळी फोन आला. म्हणे, निज्जू, नवरी म्हणजे लाल ठिपका, नवरदेव म्हणजे पांढरा ठिपका, पण तुया हातचे ठिपके हायेत, लय मस्त. खूप हसली.

मला नाही हसू आलं. माझं काम, आणि ठिपका?

८ फेब्रुवारी

४८० च्या खालच्या तिन्ही टिक काढल्या. दाखवायचं तर नीट, नाहीतर नको. पूनमसिंग म्हणाले, आरशावानी दिसून राह्यलं. आपाचा फोन आला की तिच्याकडे नुसतं चाक फिरून राह्यलं, थोडं लहान करून दे ना रे. मी सांगितलं, खोट माझ्या चित्रात नाही, तुझ्या रेंजमध्ये आहे. स्लॅबवर जाऊन बघ. ती म्हणे, गुडघे काय तुये लावून जाऊ?

१० फेब्रुवारी

लग्न चालू असताना अकरा चाळीसला नसरीनचा फोन. आपाची शेजारीण. आपा स्लॅबवरून पडली. जागेवरच गेली. मोबाईल हातात होता. नसरीन म्हणे, त्यावर चाक फिरतच होतं.

१५ फेब्रुवारी

तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवरची दुआ झाली, परत आलो. पूनमसिंग रागावले, एवढ्या लवकर कायले आले, आराम करा म्हणाले. आराम करून काय करू. तिचा चेहरा पाहता आला नाही. पाहण्यासारखा राहिला नव्हता, झाकूनच ठेवला होता.

वर जा असं मी तिला सांगितलं, हे कोणाला बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

१६ फेब्रुवारी

लग्न. १४४ च्या रकान्यात १.

ती साइझ बंद आहे. तीनदा तपासलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. १.

१८ फेब्रुवारी

बंद साइझचं चित्रही माझ्या मॉनिटरवर मागवता येतं. १४४ मागवलं. लाल ठिपका, पांढरा ठिपका. आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक निळा ठिपका. १०८० वर जिना रिकामा. कार्यालय झाडणाऱ्या रुपीबाईला विचारलं, तिथे कोण उभं होतं. म्हणे, भाऊ, सकाळपासून मीच तिथं फुलायचे टोपले मांडले, पाय ठेवाले जागा नाही.

आपाची ओढणी निळी.

२१ फेब्रुवारी

सातवी पायरी. चेहरा नाही, नुसते चौकोन. पण डावा हात गुडघ्यावर दाबायचा, मग पाऊल. उजवा हात उंच — रेंज शोधत. असं चढणारी एकच होती. भर लग्नात ओरडलो, आपा, खाली ये. पाहुणे बघत राहिले.

२३ फेब्रुवारी

अकरावी. चौदावीनंतर स्लॅब. इथे कठडा आहे, पण ती जिथे चढते आहे तिथे — तिथे मी बांधला नाही. पुन्हा पडेल. पुन्हा माझ्यामुळे.

२४ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

आज लग्न नाही. रिकाम्या स्टेजवर खुर्ची टाकून मीच बसलो. तिच्यासाठी लाईव्ह. मॉनिटर पुढ्यात, वही मांडीवर. सगळ्या साइझ चालू केल्या. थांबली नाही. बारावी.

१४४ पण जड जात असेल तिला. आवाज बंद केला. सेकंदाला पंचवीस चित्रं जायची, पाच केली. रंग काढले. मी आता एक करडा ठिपका. आयुष्यात इतकं वाईट चित्र मी कधी —

तेराव्या पायरीवर थांबली. उंचावलेला हात खाली आला. बघते आहे. दिसलं तिला. दिसलो.

उतरते. नऊ. पाच. स्टेजवर. तिचा ठिपका माझ्या ठिपक्याला लागून. डोक्यावर हात — लहानपणी तेल लावायची तसा. लागतो. खरंच लागतो.

मान वळवली तर कोणी नाही. मॉनिटरमध्ये आहे. चेहरा नाही. एवढा जवळ, आणि नुसते चौकोन.

एकदाच बघतो. एकच घर वर. ती बघते त्याच साइझमध्ये दिसते, म्हणून १४४ ची टिक काढून २४० —

हात काढला तिने. मोबाईल वर — चाक — पुन्हा चाक फिरून —

जिन्यावर. सात. अकरा. इतकी भरभर, तिचे गुडघे —

आपा थांब, लहान करतो, थांब ना, टिक कुठे ग