सौरमयूर आणि कुरडया

२ एप्रिल, सकाळ.
काल हिंजवडीतल्या नोकरीचा राजीनामा मेल केला. आजपासून फुलटाइम कलावंत! सोसायटीच्या गेटपाशी माझा सौरमयूर उभा, उन्हावर चालणारा पत्र्याचा मोर. गच्चीवर सोलर पॅनल. ऊन पडलं की पिसारा फुलणार. बॅटरी नाही. बॅटरी म्हणजे तडजोड. वीस तारखेला महापालिकेची निवड समिती येणार. पास झाला की मोर कोथरूडच्या चौकात, कायमचा. सुनीती म्हणाली, नापास झाला तर मुकाट्याने जुन्या मॅनेजरला फोन करायचा. बायकोचा एवढाही विश्वास नाही!

६ एप्रिल.
मोराने तीन पिसं उचलली. सुनीतीच्या मते कोंबडी अंग झाडतेय. दुर्लक्ष केलं. उद्यापासून पाचला उठणार.

७ एप्रिल.
साडेनऊला उठलो. कलावंताला झोप लागते.

११ एप्रिल, दुपार.
रणरणतं ऊन आणि मोर ढिम्म. तणतणत गच्चीवर गेलो. पॅनलवर चौथ्या मजल्यावरच्या विजयमालाकाकूंच्या कुरडया! खडसावणारच होतो. काकू म्हणाल्या, ऊन काय तुझ्या एकट्याच्या नावावर आहे का रे? वर कुरडयांचा गरम चीक वाटीभर हातात दिला. चीक फारच छान होता. उद्या खडसावेन.

१२ एप्रिल.
नाही खडसावलं. आज पापडाच्या लाट्या होत्या.

१९ एप्रिल.
अखेर बोललो. उद्या समिती येतेय, पॅनलवर एक पापड दिसता कामा नये, अशी तंबीच दिली. काकूंनी शब्द दिला. दरारा लागतो माणसाचा. तरीही सारखा गेटपाशी जाऊन येतोय.

२० एप्रिल.
समिती आली. मोर हलेना. वायरी हलवल्या, मोर गदागदा हलवला. पिसारा हाताने उघडायला गेलो तर पीसच हातात आलं. समितीच्या श्रद्धा मॅडम म्हणाल्या, कळवू आपण. धावत गच्चीवर. काकूंनी शब्द पाळला होता. पॅनल घासूनपुसून लख्ख! आणि पाहुणे येईपर्यंत धूळ बसू नये म्हणून वर जुनं लुगडं पांघरलं होतं.

२७ एप्रिल.
नकार आला. बाथरूममध्ये जाऊन रडलो. मग मॅनेजरला फोन केला. त्याने माझा मेल अजून उघडलाच नव्हता; मी रजेवर आहे असं समजत होता.

४ मे, कंपनीच्या बसमधून.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोर एकमताने मंजूर! गच्चीवर हलवला. पॅनल आता काकू स्वतः मोकळं ठेवतात. काय फुलतो पिसारा! कावळे वाळवणाकडे फिरकत नाहीत. म्हणजे कायमस्वरूपी कलाकृती झालीच की. काकू म्हणाल्या, जूनमध्ये उचलून ठेव बाबा, जागा अडते.