दुपारची गोळी

डिंडोली, सुरत
४ जानेवारी २०२५

चि. उज्ज्वला हिस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला काही ऐकू येत नाही हे ओळखून तू कागद-पेन हाती घेतलंस, बरं केलंस. लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात जन्म गेला, कान तिथेच राहिले. प्रशांतला हे अजून पटत नाही. पोटचा पोर इथल्याच भेस्तानहून फोन करतो, मी नुसतं हो हो म्हणतो आणि ठेवून देतो.

पायांना सूज आहे. सकाळी चप्पल पायात जाते, संध्याकाळी जात नाही. आडवं झालं की दम लागतो, म्हणून दोन उशा घेतो, माझी आणि तुझ्या रंजनावहिनीची. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. लघवीची गोळी दिली आहे, एक सकाळी, एक दुपारी. सकाळची घेतो, दुपारची घेत नाही. रागावू नको. दुपारी सोसायटीच्या ओट्यावर आमची पत्त्यांची मेंढीकोट बसते. गोळी घेतली की सारखं उठावं लागतं, आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. चौघांतला एक उठला की डाव खोळंबतो. तुझी वहिनी गेल्यापासून माणसांत बसणं म्हणजे तेवढंच.

त्याऐवजी मी पाणीच कमी पितो. मशीन सोडून जाता येत नसे म्हणून पाण्यावाचून पाळी काढायची आमची जुनी सवय आहे. पाणी आत गेलंच नाही तर साचेल कुठून? तू एवढी वर्षं नर्स होतीस, तुला पटेल.

तुझ्या लेकीला, शीतलला, आणि तिच्या बाळाला आशीर्वाद. माया अशीच ठेव.

तुझा दादा
सुकलाल


चोपडा
१३ जानेवारी २०२५

ती. दादास उज्ज्वलाचा सा. न., वि. वि.

मला अजिबात पटलं नाही. डॉक्टरांना न विचारता स्वतःच डॉक्टर झालास, फी कोणाला दिलीस?

नीट वाच. मूत्रपिंडं दिवसभर रक्त गाळतात. गाळलेलं मीठ-पाणी बहुतेक सगळं परत आत ओढून घेतात, नको असेल तेवढंच बाहेर सोडतात. तुझं हृदय थकलंय, म्हणून त्यांच्याकडे रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. मग ती मीठ आणि पाणी धरून बसतात, आणि तेच तुझ्या पायांत उतरतं, छातीत चढतं. गोळी त्यांना मीठ परत ओढू देत नाही. मीठ बाहेर पडलं की पाणी त्याच्या मागे जातं. तू तहानलेला राहिलास तर ती आणखी घट्ट धरतील. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचार, आणि ओट्यावर फाफडा-शेव येत असेल तर हात आवर.

दुपारची गोळी संध्याकाळवर ढकलू नको, झोपेचं खोबरं होईल. लोकांना सरळ सांग की औषध चालू आहे, उठावं लागतं. लाजायचं काय त्यात? दादा, छातीत पाणी भरलं तर त्या खोलीत तुला उठवून बसवायलाही कोणी नाही. मला भीती वाटते. शीतलचं बाळंतपण अंगावर आहे, नाहीतर आजच निघाले असते.

धाकट्या बहिणीचं एवढं ऐक, लोभ आपोआप वाढेल.

तुझी
उज्ज्वला


डिंडोली, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वला हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं. डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलंय. दुपारची गोळी घेतो. सूज उतरली, चप्पल पुन्हा माझी झाली.

ओट्यावर मात्र मी कोणाला काही सांगितलं नाही, धीर झाला नाही. पहिल्या दिवशी गोळी घेऊन बसलो. डाव रंगात होता आणि मला उठावं लागलं. जिन्यावर दम खात होतो, पण जीव सगळा खाली, की तिघे आपल्यासाठी अडले असतील. परत आलो तर माझ्या जागेवर सोसायटीतलाच हेमराज बसलेला, माझेच पत्ते हातात. मी बाजूला उभा राहिलो. डाव संपला, दुसरा वाटला. कुठे गेला होतास असं कोणी विचारलं नाही. माणसं वाईट नाहीत गं. त्यांना मी नसल्याचं जाणवलंच नव्हतं.

इतके दिवस मी ज्यांचा खोळंबा होईल म्हणून गोळी चुकवली, त्यांचा काही खोळंबा होत नव्हता. आता जातच नाही. गोळी घेतो आणि दार लावून बसतो. तब्येत चांगली आहे, तू काळजी करू नको.

आठवण ठेव, एवढंच.

तुझा दादा
सुकलाल


चोपडा
११ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न., वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग शीतलला वाचून दाखवलं. ती आता हिंडती-फिरती झाली आहे. तिनेच माझी पिशवी भरायला घेतली. पुढच्या शुक्रवारी मी सुरतेला येते. स्टेशनवर येऊ नको, गोळीची वेळ असेल. किती दिवस राहणार ते विचारू नको.

दोघांत मेंढीकोट होत नाही, भिकार-सावकार होतो, आणि तो लवकर संपत नाही. दुपारी तुझ्या खोलीतच खेळू. तू उठलास की मी माझे पत्ते पालथे ठेवीन, आणि तू परत येईपर्यंत तुझ्या पत्त्यांना हात लावणार नाही.

तुझी
उज्ज्वला