पालोमाच्या शेपटीचा गोंडा

लाडक्या एल्विरास,

म्हाताऱ्या भावाचे ओंजळभर आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? माझा गुडघा ठीक आहे. घोड्यावर चढताना खोक्यावर पाय ठेवावा लागतो, एवढंच.

गेल्या आठवड्यात गाभण तपासणी झाली. रिकाम्या निघालेल्या गाईच्या शेपटीचा गोंडा खुणेसाठी कापायचा आणि ती कत्तलखान्याला पाठवायची, हा नियम वीस वर्षांपूर्वी मीच इथं घातला. कात्रीही माझ्याच हातात असते.

यंदा पालोमा रिकामी निघाली. तू बाटलीनं दूध पाजून जगवलेली, तीच. नऊ वासरं दिली गं तिनं.

मालकीणबाई म्हणाल्या, "राहू दे रामिरो, चरू दे म्हातारीला."

मी म्हणालो, "बाई, आज माझी सोडली, तर उद्या प्रत्येक गुराखी आपापली लाडकी घेऊन दारात उभा राहील. मग कळप कसला, धर्मशाळाच ती!"

सगळे हसले. मी गोंडा कापला. ती हललीसुद्धा नाही, माझा हात ओळखीचा ना.

गोंडा पाकिटात घातलाय. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव. कात्री मी दुसऱ्याला देऊन टाकली. तुझ्या घरात एक खाट मावेल का, तेवढं कळव.

तुझाच थकलेला,
रामिरो